जुन्या पीसीवर डॉस किंवा विंडोज टाकताना डिस्क सापडत नसेल तर

मागच्या मे महिन्यात परभणीच्या मोंढ्यातून एका अडत्याचा फोन आला. "भाऊ, जुन्या कम्प्युटरवर नुसतं काळंच दिसायलंय. येऊन फॉरमॅट मारा अन् नवीन विंडोज टाकून द्या." मी म्हणालो, "येतो, पण तोवर कोणालाही हात लावू देऊ नका." त्या डब्यात वीस-बावीस वर्षांचा हिशोब होता, डॉसवर (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची सिस्टिम) चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये. पडद्यावर 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' एवढीच ओळ दिसत होती. हार्ड डिस्क मात्र ठणठणीत होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, आणि ही डिस्क कशी वाचायची तेच यंत्र विसरलं होतं. सेल बदलला, बायोसमधली (यंत्र चालू होताच आधी धावणारा, डिस्क ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) एक ओळ बदलली आणि हिशोब समोर आला. विंडोज टाकायची गरजच पडली नाही.

असा डबा ज्यांच्या हाती पहिल्यांदाच आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या मराठवाड्यात असे डबे अजून पुष्कळ आहेत. छापखान्यातलं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकशिवाय चालत नाही, आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. म्हणून विंडोज ९८ चा पेंटियम (नव्वदच्या दशकातला प्रोसेसर असलेला पीसी) टेबलाखाली जपून ठेवलेला असतो. जुन्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत, त्या तिथंच नीट उघडतात. काही शाळांत पहिल्या संगणक कक्षातली यंत्रं कपाटामागं पडून आहेत. ती पुन्हा चालू करायला बसलं, की दहातल्या आठ वेळा गाडी अडते ती डिस्कपाशी. हार्ड डिस्क दिसत नाही, फ्लॉपी वाचत नाही, सीडीवरून बूट होत नाही.

जुनी डिस्क आधी काढून ठेवा

पहिलं काम पेचकस घेऊन जुनी हार्ड डिस्क बाहेर काढायची. तिच्यावर काही टाकायचं नाही, एफडिस्क (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायचा प्रोग्रॅम) चालवायचं नाही, 'दुरुस्ती'सुद्धा करायची नाही. नवीन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) दुसऱ्या डिस्कवर जाईल.

हे मला शिकवलं एका निवृत्त गुरुजींच्या संगणकानं. पंधराएक वर्षं झाली. जिंतूर तालुक्यातून ते पीसी घेऊन आले. गावातल्या बायकांकडून ऐकून टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डिस्क रिकामी दिसली म्हणून मी पार्टिशन पाडलं, फॉरमॅट केलं, विंडोज टाकलं. संध्याकाळी गुरुजी आले आणि त्यांनी विचारलं, "ओव्यांचं फोल्डर कुठंय?" रिकव्हरीला तीन रात्री घालवल्या. निम्म्या फायली परत आल्या, बाकीच्यांच्या जागी विंडोज बसलं होतं. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यातल्या दोघी तोवर वारल्या होत्या. तेव्हापासून टेबलावर डबा आला, की आधी विचारतो: "यात काय आहे?"

काढलेल्या डिस्कची प्रत काढा. आयडीई (रुंद चपट्या केबलची) डिस्क यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर मिळतो. डिस्कचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे पहिल्या डिस्कच्या जागी, ठेवून ती लिनक्सच्या संगणकाला जोडा आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमनं पूर्ण डिस्कची एक फाइल बनवा. हा प्रोग्रॅम सरळ वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि खराब भागाकडं नंतर वळतो, त्यामुळं मरायला टेकलेली डिस्क उगाच दमत नाही. शिवाय कुठवर आलो याची नोंद तो मॅप फाइलमध्ये ठेवतो. मधेच लाइट गेली तरी पुढून सुरू करता येतं. आपल्याकडं याची किंमत वेगळी सांगायला नको. आज्ञा देताना कोणत्या डिस्कवरून कोणत्या फाइलमध्ये, हे दोनदा वाचा. उलट झालं तर जुन्या डिस्कवरच लिहिलं जायचा धोका असतो.

एक अडचण येते. फार जुन्या, पाचशे एमबीच्या आतल्या काही डिस्क एलबीए पद्धत (सेक्टरना सरळ ओळीनं क्रमांक देऊन डिस्क वाचणं) ओळखतच नाहीत, आणि हे कन्व्हर्टर तेवढीच एक पद्धत बोलतात. अशी डिस्क यूएसबीवर दिसली नाही म्हणून मेली असं समजू नका. ती थेट आयडीई पोर्ट असलेल्या मदरबोर्डला लावून तिथून प्रत काढावी लागते.

डिस्कमधून ठराविक तालात खट्-खट् आवाज येत असेल आणि आतला मजकूर मोलाचा असेल, तर वीज बंद करून थांबा. प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे घासलेल्या ठिकाणी पुन्हा घासणं. ठोकायचं, आपटायचं, झाकण उघडायचं यातलं काहीही करू नका.

वीज, धूळ आणि सेल

जुन्या एटी प्रकारच्या कॅबिनेटचं पुढचं बटण थेट २३० व्होल्टवर असतं. एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) निघणारी जाड काळी वायर त्या बटणापर्यंत आलेली दिसते. प्लग भिंतीतून काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

आपल्याकडची धूळ दोन जातींची. एक काळ्या मातीची, बारीक आणि चिवट. दुसरी जिनिंगजवळच्या गावांत सापडते, सरकीच्या तंतूंची, जी पंख्याला गोधडीसारखी लपेटून बसते. मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं अंगणात नेऊन काढा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, हवेनं फिरू देऊ नका. फ्लॉपी ड्राइव्हच्या तोंडात सरळ ब्लोअर मारू नका, बाहेरची धूळ आत हेडवर जाऊन बसते.

मग मदरबोर्डवरचा सेल बघा. पेंटियम आणि नंतरच्या यंत्रांत बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, ३ च्या बराच खाली गेला असेल तर बदला. पेंटियमच्या आधीच्या ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र निळी किंवा हिरवी, पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती फुटून गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे धागे खाऊन टाकते. तिच्याजवळ हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर बॅटरी आधी कापून काढा. गळालेला पदार्थ अल्कली असतो, म्हणून कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून जागा पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ करून पूर्ण वाळू द्या.

डिस्क जोडण्याआधी मल्टिमीटरनं एसएमपीएस तपासा. चार तारांच्या पिनेत लाल तारेवर ५ व्होल्ट आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट हवेत, मधल्या दोन काळ्या तारा ग्राउंड. पाच टक्के इकडंतिकडं चालतं: ४.७५ ते ५.२५ आणि ११.४ ते १२.६. मोजताना एखादा ड्राइव्ह लावलेला असू द्या, कारण जुना एसएमपीएस रिकामा असताना बरोबर आकडा दाखवतो आणि भार पडला की बसतो. डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हाच सगळ्यात जास्त करंट ओढते. चालू केल्यावर डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते असं होत असेल तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या.

केबल आणि जम्पर

चपट्या केबलच्या एका कडेची तार लाल असते, ती पिन क्रमांक १ ची बाजू. हार्ड डिस्कवर ती सहसा विजेच्या पिनेकडं येते. मदरबोर्डवर बारीक अक्षरात १ छापलेला असतो, मोबाइलचा टॉर्च लावून शोधा. केबल उलटी बसली तर बऱ्याचदा पडद्यावर काहीच येत नाही, किंवा समोरचा हार्ड डिस्कचा दिवा लागतो आणि विझतच नाही. घाबरू नका, बंद करून सरळ करा.

आयडीईच्या चाळीस पिनांपैकी विसावी पिन नसते. काही केबलींत तिथलं छिद्रही बुजवलेलं असतं. जुन्या बोर्डावर ती पिन असेल आणि केबल बुजवलेली असेल, तर जोर लावून बसवू नका. पिन आडवी होते. वाकलेली पिन पाहायची तर कनेक्टर डोळ्यासमोर आडवा धरा आणि ओळ नांगराच्या तासासारखी सरळ जाते का ते बघा. वाकली असेल तर संपलेल्या रिफिलची पोकळ नळी पिनेवर घालून हळूहळू उभी करता येते.

केबल दोन प्रकारच्या मिळतात, चाळीस तारांची आणि ऐंशी तारांची. कनेक्टर दोन्हींचे सारखेच. ऐंशीच्या तारा हाताला बारीक लागतात. तिचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. नंतरच्या वेगवान डिस्कना ही ऐंशी तारांची केबल लागते. त्या डिस्कला चाळीसची लावली तर चालतं, पण हळू.

आता जम्पर. एका केबलवर दोन ड्राइव्ह असतील तर एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. दोन्ही मास्टर असले तर दोन्ही गायब होतात किंवा एकच भलत्याच नावानं दिसतो. जम्परचा नकाशा डिस्कच्याच लेबलवर छापलेला असतो, दुसऱ्या कंपनीचा नकाशा बघून लावू नका. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कवर 'सिंगल' आणि 'मास्टर' या दोन वेगळ्या स्थिती आहेत. केबलवर ती एकटीच असेल तर 'सिंगल'. मास्टर ठेवली तर ती नसलेल्या जोडीदाराची वाट बघत बसते आणि बायोस म्हणतो, डिस्क नाही. नवशिक्यांचा इथं अख्खा दिवस जातो. माझं म्हणणं असं: हार्ड डिस्क पहिल्या पोर्टवर एकटी, सीडी ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टवर वेगळ्या केबलनं. भांडणच नको.

४८६ च्या काळातली काही सीडी ड्राइव्ह साउंड कार्डाला जोडलेली असत. त्यांचा कनेक्टर आयडीईसारखा दिसतो, पण सगळ्याच तशा नसतात. काहींचा संवाद पूर्ण वेगळा आहे. तिला मदरबोर्डच्या आयडीईला लावून ती चालणार नाही. अशा वेळी साधी आयडीई सीडी ड्राइव्ह शोधलेली बरी.

बायोसला डिस्क कशी कळते

चालू करताच डिलीट दाबा, बायोस उघडेल. 'आयडीई एचडीडी ऑटो डिटेक्शन' असा पर्याय असेल तर तो चालवा. डिस्कचं नाव आणि आकार दिसला तर केबल-जम्परचं काम झालं.

आकार कमी दिसला किंवा यंत्र तिथंच अडकून बसलं, तर ती डिस्कची खोड नाही, बायोसची मर्यादा आहे. ही भानगड एकदा समजून घ्या. जुना बायोस डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगतो. त्याच्या हिशोबात सिलिंडर १०२४ पर्यंतच. आयडीईच्या हिशोबात हेड १६ पर्यंतच. दोघांना पटेल असा लहान आकडा घेतला, तर १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट, ५०४ एमबी. ४८६ च्या बहुतेक यंत्रांची भिंत ती. हेडचे आकडे फिरवून सांगायची युक्ती आल्यावर भिंत ८.४ जीबीवर सरकली. पुढं १९९९ च्या आसपासपर्यंतचे काही बायोस सुमारे ३२ जीबीपुढची डिस्क बघून जागीच थिजतात. त्यानंतरची भिंत १३७ जीबीची.

यावरून खरेदीचा नियम निघतो: यंत्राच्या वयाची डिस्क. ४८६ ला ५१२ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (कार्डावरचे ५१२ एमबी म्हणजे साधारण ५१.२ कोटी बाइट, म्हणून ते भिंतीच्या आत बसतं), पेंटियमला ४ जीबीचं. असं कार्ड आयडीईला जोडायचा छोटा अडॅप्टर मिळतो आणि यंत्राला ती साधी हार्ड डिस्कच वाटते. उन्हाळ्यात इथं पत्र्याच्या शेडमध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, कॅबिनेटच्या आत त्याहून वर. फिरणाऱ्या डिस्कची मर्यादा साधारण ५५-६० अंशांची. कार्डात फिरणारं काही नसतं, गरमही कमी होतं. रोजच्या वापरातल्या जुन्या यंत्राला मी आता कार्डच लावतो. मोठीच डिस्क हाताशी असेल, तर काही डिस्कवर आकार ३२ जीबीपर्यंत आखडून दाखवायचा जम्परही असतो, लेबल वाचा.

त्याच पानावर 'नॉर्मल', 'लार्ज', 'एलबीए' असे मोड दिसतील. नव्या डिस्कला एलबीए निवडा. पण जुनी, मजकूर भरलेली डिस्क परत लावत असाल तर ती ज्या मोडमध्ये फॉरमॅट झाली होती तोच मोड हवा. सेल संपला की बायोस हा मोड विसरतो आणि चालू केल्यावर आपल्या मनानं दुसरा घेतो. मग भरलेली डिस्क रिकामी दिसते, किंवा ती 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'ची ओळ येते. अडत्याच्या यंत्राला हेच झालं होतं. त्यानं आधी 'नॉर्मल' निवडला होता, सेल गेल्यावर बायोसनं एलबीए घेतला. गुरुजींच्या यंत्रालाही बहुधा हेच झालं होतं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अशी डिस्क समोर आली तर तिन्ही मोड एकेक करून लावून बघा, पण त्या दरम्यान तिच्यावर काहीही लिहू नका.

काही डिस्कवर बायोसची भिंत ओलांडण्यासाठी डिस्क मॅनेजरसारखा प्रोग्रॅम टाकलेला असतो. तो आधी चालू झाला तरच डिस्क खरी दिसते. फ्लॉपीवरून सरळ बूट केलं तर ती रिकामी वाटते. सुरू होताना त्या प्रोग्रॅमचं नाव एक क्षण पडद्यावर येतं, तिकडं लक्ष ठेवा.

बायोस सोडण्याआधी दोन गोष्टी करा. बूट क्रम 'ए, सी' असा करा. आणि 'व्हायरस वॉर्निंग' चालू असेल तर बंद करा. बूट सेक्टरवर कोणी लिहायला गेलं की हा पर्याय अडवतो, आणि सेटअपला नेमकं तेच करायचं असतं.

फ्लॉपी

सोनीनं २०११ साली फ्लॉपी विकणं थांबवलं. आज हाती येईल ती फ्लॉपी जुन्या साठ्यातली आहे, हे धरूनच चला.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी प्रत्येक फ्लॉपी बघा. धातूचा सरकता दरवाजा बोटानं बाजूला करा, मागची गोल चकती फिरवत आतली तपकिरी तबकडी उजेडात धरा. तिच्यावर ढगासारखे पांढुरके डाग दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात लोखंडी कपाटात बंद राहिलेल्या फ्लॉप्यांना ती हमखास धरते. तशी फ्लॉपी आत घालू नका, ती हेडला घाण लावते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही वाचत नाही. गोल रेघ खरवडल्यासारखी दिसली तर तीही बाद.

फ्लॉपीची केबल ३४ पिनांची असते आणि एका टोकाजवळ तिच्या काही तारा पिळलेल्या असतात. पिळानंतरच्या टोकाला लावलेला ड्राइव्ह ए, पिळाच्या आधीच्या कनेक्टरवरचा बी. नवखे लोक मधल्या कनेक्टरला लावतात आणि बूट होत नाही म्हणून अडतात. ड्राइव्हचा दिवा चालू केल्यापासून सतत पेटलेला असेल तर केबल उलटी आहे. त्या स्थितीत चांगली फ्लॉपी आत घालू नका, तिच्यावरचं पुसलं जाऊ शकतं. विजेची छोटी पिनही नीट बघून बसवा, एक घर सरकून बसली तर ड्राइव्ह जळतो.

ड्राइव्ह फिरतो, पण 'जनरल फेल्युअर' किंवा 'सेक्टर नॉट फाउंड' येतं. तेव्हा हेड पुसा. ड्राइव्हचं झाकण काढून काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि खालचं व वरचं हेड हलक्या हातानं पुसा. वरचं हेड उचलू नका, त्याची पट्टी वाकली की ड्राइव्ह गेला. मग हेड सरकवणाऱ्या दांड्यांवरची सुकलेली चिकटी पुसून मशीन तेलाचा एकच थेंब द्या.

त्यानंतरही वाचत नसेल तर ही चाचणी करा. त्याच ड्राइव्हमध्ये फ्लॉपी फॉरमॅट करा, एक फाइल लिहा, परत वाचा. स्वतःचं लिहिलेलं वाचतो, पण दुसरीकडून लिहून आणलेली फ्लॉपी वाचत नाही, असं असेल तर हेडची रांग हलली आहे. ८० ट्रॅक इतक्या दाटीनं बसतात, की केसाएवढा फरकही पुष्कळ होतो. रांग बसवणं नवशिक्याचं काम नाही, दुसरा ड्राइव्ह लावा. तोवर एक तोडगा चालू शकतो: त्या जुन्या ड्राइव्हमध्येच फ्लॉपी फॉरमॅट करा, लिहायचं कामही त्याच यंत्रावर करा.

फ्लॉपी बदलली तरी आधीच्याच फ्लॉपीची यादी दिसते, हा दोष फार घातक. फ्लॉपी बदलल्याची खूण ३४ व्या तारेवरून जाते. ती तार तुटली किंवा ड्राइव्हचा जम्पर चुकीचा असला की डॉसला बदल कळत नाही, आणि लिहायला गेलं की आधीच्या फ्लॉपीचा नकाशा नव्या फ्लॉपीवर उमटतो. आधी केबल बदलून बघा.

नव्या संगणकावर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून १.४४ एमबीची साधी बूट फ्लॉपी बनवता येते. विंडोज ९५ च्या फ्लॉप्यांचा संच मात्र १.६८ एमबीच्या वेगळ्या रचनेचा होता, तो बहुतेक यूएसबी ड्राइव्हना जमत नाही. बूट फ्लॉपी झाली की कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा. उघडं छिद्र म्हणजे लिहायला बंदी. जुन्या डिस्कवर बूट व्हायरस असला तरी तो फ्लॉपीवर उतरणार नाही. विंडोजची मूळ सीडी आणि परवाना नसेल तर फ्रीडॉस वापरा. तो मोफत आहे, आणि डॉसचे बहुतेक प्रोग्रॅम त्यावर चालतात.

सीडी

१९९५ च्या आधीचे बायोस सीडीवरून बूट करत नाहीत, त्यानंतरचेही काही वर्षं रडतखडत करतात. तिथं फ्लॉपीवरून सुरू करून सीडीकडं जावं लागतं. जुन्या ड्राइव्हना पुन्हापुन्हा लिहायची सीडी वाचता येत नाही, म्हणून साधी एकदाच लिहायची सीडी घ्या आणि शक्य तितक्या कमी वेगानं बर्न करा. वाचताना अडखळत असेल तर लेन्स एकदा पुसा. तेवढ्यानं जमलं नाही तर ड्राइव्ह बदला, यात फार वेळ घालवू नका.

पार्टिशन ते सेटअप

आता नवी डिस्क किंवा कार्ड लावलेलं आहे, जुनी डिस्क कपाटात आहे. पुन्हा एकदा कॅबिनेटमध्ये डोकावून खात्री करा.

विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीनं बूट करा, 'सीडी-रॉम सपोर्ट'चा पर्याय निवडा. एफडिस्क चालवा. मोठ्या डिस्कचा आधार हवा का, असं ते विचारेल. डिस्कवर फायलींची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती: हो म्हटलं तर फॅट३२, नाही म्हटलं तर फॅट१६. एमएस-डॉस ६.२२ टाकायचं असेल तर नाही म्हणा, कारण त्याला फॅट३२ कळत नाही आणि त्याचं एक पार्टिशन २ जीबीच्या पुढं जात नाही. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीलाही तेच लागू. ९८ ला हो. डिस्क ६४ जीबीपेक्षा मोठी असेल तर ९८ चं मूळ एफडिस्क आकार चुकीचा, ६४ वजा करून दाखवतं. त्याला डिस्कचा दोष समजू नका.

पार्टिशन पाडलं की ते 'ॲक्टिव्ह' करा. हे विसरलं की सगळं नीट टाकूनही यंत्र बूट होत नाही. मग यंत्र पुन्हा सुरू करा, फॉरमॅट त्यानंतरच. फॉरमॅटच्या आज्ञेला शेवटी /एस जोडलं की बूटच्या फायलीही जातात. फॉरमॅट करताना 'ट्रॅक झीरो बॅड' आलं तर ती डिस्क सोडून द्या. मधेच ठिकठिकाणी अडकत पुढं जात असेल तर तीही ओएससाठी नको.

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर एक खास अडचण येते. सगळं बरोबर केलं, तरी बूट करताना नुसता कर्सर लुकलुकतो. कॅमेऱ्यात वापरलेल्या कार्डच्या पहिल्या सेक्टरच्या शेवटी एक ठरलेली खूण असते, पण बूटचा कोड नसतो. एफडिस्कला खूण दिसली की तो कोड लिहायचं टाळतो. फ्लॉपीवरून बूट करून एफडिस्क /एमबीआर द्या, काम होतं. ही आज्ञा फक्त नव्या कार्डवर द्यायची. डिस्क मॅनेजर असलेल्या जुन्या डिस्कवर दिली तर तिचा रस्ताच पुसला जाईल.

स्टार्टअप फ्लॉपी मेमरीत एक छोटा ड्राइव्ह बनवते, त्यामुळं सीडीचं अक्षर एक घर पुढं सरकतं. डी वर सीडी दिसली नाही तर ई बघा. सीडीवरचं विन९८ नावाचं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, दोनशे एमबीच्या आत बसतं, आणि सेटअप तिथून चालवा. जुना सीडी ड्राइव्ह सेटअपच्या मध्यावर दगा देतो, तो धोका जातो. पुढं ड्रायव्हरसाठी सीडी मागितली तरी तेच फोल्डर दाखवता येतं. कॉपी होतानाच एखादी फाइल वाचता आली नाही, तर दोष सीडीचा आहे हे तिथंच कळतं. सेटअपच्या सुरुवातीचं स्कॅनडिस्क वगळू नका. हे सगळं यूपीएसवर करा, कारण पार्टिशन लिहिताना गेलेली वीज सगळ्यात महागात पडते.

सॅटा डिस्क आणि एक्सपी

शाळांमध्ये २००५ ते २०१० मधली यंत्रं जास्त सापडतात. त्यांत अरुंद केबलची सॅटा डिस्क असते. तिथं विंडोज एक्सपीचा सेटअप म्हणतो की हार्ड डिस्कच नाही, किंवा निळ्या पडद्यावर ७बी नं संपणारा स्टॉप कोड येतो. केबल हलवत बसू नका. बायोसमध्ये सॅटाचा मोड एएचसीआय (सॅटा चालवायची नवी पद्धत) असेल, तो आयडीई किंवा 'कंपॅटिबल' करा. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. मोड बदलायचा नसेल तर सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो. आधीच दुसरं विंडोज असलेल्या यंत्रावर मोड बदलला तर ते विंडोज उघडणार नाही, तेव्हा आधीचा मोड लिहून ठेवा. डिस्क १३७ जीबीहून मोठी असेल तर सर्व्हिस पॅक १ किंवा त्यापुढचीच सीडी घ्या.

यंत्र चालू झालं, की झाकण लावण्याआधी मी एक चिठ्ठी लिहितो आणि पारदर्शक टेपनं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. अडत्याच्या यंत्रात लावलेली चिठ्ठी अशी: "पहिला पोर्ट, हार्ड डिस्क एकटी. मोड नॉर्मल, एलबीए करू नये. सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे डिस्कच्या लेबलप्रमाणे. मे महिन्यात सेल बदलला. पूर्ण डिस्कची प्रत पेन ड्राइव्हवर, गल्ल्याच्या कप्प्यात. डिस्क रिकामी दिसली तर फॉरमॅट करू नका, आधी सेल बघा."